सिसू: आतड्यातलं बळ मोजायचं कसं?

मराठीत आपण धैर्याला शरीरात पक्की जागा दिली आहे. एखाद्याची छाती असते, एखाद्याचं काळीज वाघाचं असतं. पोटाकडे मात्र वेगळी कामं आहेत. दुसऱ्याचे अपराध पोटात घालायचे आणि कुणाचं दुःख पाहिलं की आतडं पिळवटायचं. फिनलंडच्या लोकांनी धैर्य थेट पोटात ठेवलं. त्यांचा 'सिसू' हा शब्द 'सिसुस' या शब्दाशी जोडलेला आहे आणि सिसुस म्हणजे आतला भाग, आतडी. बिशप डॅनियल युस्लेनियस यांच्या १७४५ सालच्या फिनिश शब्दकोशात 'सिसुकुंडा' असा शब्द सापडतो. अर्थ काय, तर तीव्र भावना जिथून उसळतात ती शरीरातली जागा.

आज फिनलंडमध्ये हा शब्द सगळीकडे दिसतो. सिसू नावाच्या चघळायच्या गोळ्या आहेत, सिसू नावाचे ट्रक आहेत. पण जगाला तो कळला युद्धामुळे. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. कडाक्याच्या थंडीत हा छोटा देश १०५ दिवस लढला. शेवटी सुमारे एक दशांश भूभाग गेला, चार लाखांहून जास्त माणसं घरंदारं सोडून निघाली, पण स्वातंत्र्य टिकलं. त्याच हिवाळ्यात अमेरिकी वृत्तपत्रं आपल्या वाचकांना 'सिसू' म्हणजे काय ते समजावून सांगत होती.

मग ही आपली चिकाटीच ना?

जवळपास, पण अगदी तीच नाही. मानसशास्त्रात अँजेला डकवर्थ यांच्यामुळे 'ग्रिट' ही कल्पना २००७ पासून बरीच गाजली. ग्रिट म्हणजे एकच दूरचं ध्येय धरून वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागणं. आपली चिकाटी या अर्थाच्या जवळ जाते. सिसूचा प्रश्न वेगळा आहे: अंगातलं सगळं बळ संपलं असं वाटतं, त्यानंतर काय होतं?

उदाहरण घ्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत लासे विरेन हा फिनिश धावपटू जवळपास अर्ध्या वाटेवर चक्क पडला. उठला, पुन्हा धावला, आणि २७ मिनिटं ३८.४ सेकंदांचा जागतिक विक्रम करून जिंकला. त्याआधीची अनेक वर्षांची तयारी ही चिकाटी. पडल्यानंतरचे ते काही क्षण म्हणजे सिसू.

एमिलिया लाह्ती या फिनिश संशोधिकेने हा फरक नीट तपासायचं ठरवलं. त्यांनी फिनिश आणि फिनिश वंशाच्या अमेरिकी अशा हजाराहून अधिक लोकांना सिसूबद्दल प्रश्न विचारले. उत्तरांमधून तीन धागे वर आले. पहिला, नेहमीच्या मर्यादेपलीकडे तग धरणं. दुसरा, यश दिसत नसतानाही कृती करायला धजणं. तिसरा, एरवी जाणवत नाही पण अडचणीत उघडतो असा आतला शक्तीचा साठा. २०१९ मध्ये त्यांनी हे सगळं शोधनिबंधात मांडलं.

त्याच शब्दाची दुसरी बाजू

त्या उत्तरांमध्ये तक्रारीही होत्या. सिसूच्या नावाखाली माणसं थकवा नाकारतात, मदत मागत नाहीत, स्वतःला लावलेली कडक फूटपट्टी इतरांनाही लावतात. भाषेला हे आधीपासून माहीत होतं बहुतेक. फिनिशमध्ये 'पहानसिसुइनेन' म्हणजे खुनशी, वाईट स्वभावाचा माणूस. त्यातही सिसू आहेच!

म्हणून पेंटी हेन्टोनेन, लाह्ती आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सिसूची मोजपट्टी प्रसिद्ध केली. अशी पट्टी बनते कशी? बरीच विधानं घेतात आणि प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडतं ते लोकांना विचारतात. मग कोणती उत्तरं एकमेकांच्या सोबतीने वरखाली होतात, ते गणिताने शोधतात. सोबत हलणारी उत्तरं बहुधा एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. इथे दोन मोठे गट निघाले: हितकारक सिसू आणि हानिकारक सिसू. हानिकारक गटात तीन प्रकारचं नुकसान होतं: विवेकाचं, तब्येतीचं आणि आसपासच्या माणसांचं.

हितकारक सिसू असणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सहसा चांगलं आढळलं. हानिकारक सिसूसोबत ताण जास्त होता. यातून कारण-परिणाम सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. ताणामुळेही माणूस हट्टाला पेटू शकतो. पण एक गोष्ट दिसते. 'जास्त सिसू म्हणजे जास्त चांगलं' असं सरळ समीकरण नाही. सिसू किती आहे हे कळून भागत नाही, तो कुठल्या जातीचा आहे हेही बघावं लागतं.

हा फरक जीवावरचा का आहे

१९९० च्या सुमारास फिनलंडमध्ये आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे सुमारे ३० होतं, जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक. याचं खापर सिसूवर फोडणं अशास्त्रीय ठरेल. दारू, आजार, एकटेपणा अशी कारणं गुंतलेली होती. पण तिथल्या संशोधकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. एप्रिल १९८७ ते मार्च १९८८ या बारा महिन्यांतल्या देशभरातल्या सगळ्या, म्हणजे १,३९७ आत्महत्यांचा त्यांनी एकेक करून अभ्यास केला. नातेवाइकांशी आणि उपचार करणाऱ्यांशी बोलले. नैराश्य पुष्कळांना होतं, पण त्यावर पुरेसे उपचार फार थोड्यांना मिळाले होते. त्या निष्कर्षांवर राष्ट्रीय प्रतिबंध कार्यक्रम उभा राहिला. पुढच्या दशकांत हे प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्यात उपचार सुधारण्यापासून दारूच्या सवयी बदलण्यापर्यंत अनेक गोष्टींचा हात असणार. पण 'सहन करा' एवढाच सल्ला देऊन देश थांबला नाही, हे महत्त्वाचं.

हे वाचणाऱ्यांत पीएचडी करणारे असतील, स्पर्धा परीक्षांचा चौथा-पाचवा प्रयत्न चालू असलेलेही असतील. 'जिद्द सोडू नकोस' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते चूक नाही, अपुरं आहे. त्या मोजपट्टीतल्या तीन नुकसानांवरून स्वतःला तीन प्रश्न विचारता येतात. आपली झोप-भूक शाबूत आहे का? हा मार्ग बंद आहे असा पुरावा समोर आला, तर आपण तो बघायला तयार आहोत का? आपल्या जिद्दीची किंमत घरातलं दुसरं कुणी मोजतंय का?

उत्तरं वाईट आली तर अजून जोर लावू नका. आधी कुणाशी तरी बोला: मित्राशी, घरच्यांशी, डॉक्टरांशी. 'मला एकट्याने जमत नाहीये' हे वाक्य उच्चारायलाही आतड्यातून बळ काढावं लागतं.