आयर्लंडची कुरणे: उत्पन्न आणि निसर्ग
आयर्लंडचा दुग्धव्यवसाय मुख्यतः गवतावर चालतो. २०१५मध्ये युरोपीय संघाने दूध उत्पादनावरील मर्यादा (कोटा) उठवली आणि दुभत्या गाई वाढल्या. उत्पन्नाबरोबर नद्यांवरचा नायट्रेटचा भार आणि मिथेनही वाढला. देशाच्या हरितगृह वायूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक शेतीतून येतात. २०१८च्या तुलनेत शेतीतले हे वायू २०३०पर्यंत २५ टक्क्यांनी घटवायचे आहेत.

काही उपाय शेतकऱ्याचा खर्चही वाचवतात. गवतात पांढरे क्लोव्हर पेरले, की त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात. विकतचे खत कमी लागते. त्याहून मोलाचा प्रयोग बरेन या चुनखडीच्या प्रदेशात झाला. तिथे कुरणाच्या प्रतीला गुण देऊन त्यानुसार शेतकऱ्यांना मोबदला दिला गेला. हिवाळी चराई थांबली तर तिथे हेझलची झुडपे माजतात आणि दुर्मीळ रानफुले दबतात. म्हणून गुरे हवीतच.