बाटली खाटेपासून किती पावलांवर?

सपाट प्रदेशात साधारण ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथे सहाएक खाटा, असा शासकीय निकष आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरसारख्या गावात या निकषाचा अर्थ समजून घ्यायचा, तर सिस्टरच्या हातांकडे पाहावे. ते हात सलाईन लावतात, केसपेपर लिहितात, जखमेवरची पट्टी सोडतात, बाळंतिणीला उठवून बसवतात आणि लगेच दुसऱ्या रुग्णाची शीर चाचपतात. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-स्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लागल्यावर. यातल्या ‘नंतर’च्या वेळा जास्त पाळल्या जातात आणि ‘आधी’च्या जास्त चुकतात, असे पाहण्यांत वारंवार दिसले आहे. कारण उघड आहे. नंतर धुतलेला हात स्वतःला वाचवतो, आधी धुतलेला समोरच्याला. स्वतःची काळजी आपोआप घेतली जाते. दुसऱ्याची घेतली जावी यासाठी व्यवस्था लावावी लागते.

हा प्रश्न ज्ञानाचा किंवा शिस्तीचा मानला, की उपाय म्हणून भिंतीवर तक्ता लागतो आणि प्रशिक्षणाच्या वहीत सह्या होतात. पण साधा हिशेब मांडून पाहावा. साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. गर्दीच्या तासात अशा वीस वेळा आल्या, तर तेरा ते वीस मिनिटे नुसत्या धुण्यात जातात. बेसिनपर्यंतची ये-जा वेगळीच. तेवढा वेळ कोणत्याही सिस्टरकडे नसतो, मग ती कितीही कर्तव्यदक्ष असो. अल्कोहोलचे द्रावण २० ते ३० सेकंदांत काम करते आणि ते खाटेशीच ठेवता येते. म्हणजे वेळ निम्म्यावर येतो आणि ये-जा संपते. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांत दिदिए पिते यांच्या चमूने नेमके हेच केले. खाटेजवळ द्रावण ठेवले, फलक लावले, वरिष्ठांचा पाठिंबा मिळवला. १९९४ मध्ये ४८ टक्के असलेले पालन १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयातल्या संसर्गाचे प्रमाण १९९४ मधल्या १६.९ टक्क्यांवरून १९९८ मध्ये ९.९ टक्क्यांवर आले. ही सगळी घट एकट्या द्रावणामुळे झाली असे म्हणता येत नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, सगळ्या सोयी असलेल्या मोठ्या रुग्णालयांतही डॉक्टर हात धूत नाहीत, मग दोष वृत्तीचाच ना? जिनिव्हातही ३४ टक्के संधी हुकल्याच, हे खरे. मांडणी पुरेशी नसते, वरिष्ठांनी आधी स्वतः हात पुढे करावा लागतो. पण मांडणीशिवाय वृत्तीही टिकत नाही. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती विभागात शवविच्छेदनाहून येणाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मातामृत्यूचा दर काही आठवड्यांत दोन टक्क्यांच्या आसपास आला. तेव्हा रोग जंतूंमुळे होतात हे अजून सर्वमान्य झाले नव्हते. ज्ञान येण्याआधी पद्धत लागू झाली आणि तिने जीव वाचवले.

दुसरा आक्षेप: हातमोजे असताना धुण्याची गरज काय? मोज्यांना सूक्ष्म छिद्रे असू शकतात, आणि तेच मोजे घालून दोन रुग्णांना हात लावला तर मोजाच जंतू वाहून नेतो. तिसरा आक्षेप पाण्याचा. बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे नवी नाहीत. तिथे नळावर सगळी भिस्त ठेवणे चुकीचेच. मात्र द्रावणालाही मर्यादा आहे. हात रक्ताने किंवा घाणीने माखले असतील तर साबण-पाणीच हवे. म्हणून प्रसूतिगृहात साठवलेले पाणी आणि कोपराने उघडणारा नळ यांना पर्याय नाही.

खेड्यात हे जमणार नाही, या समजुतीला गडचिरोलीत उत्तर मिळाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. हात धुणे हा त्या कामाचा एकच भाग होता. पुढे आशा ताईंच्या गृहभेटींतही बाळाला हात लावण्याआधी हात धुणे ठरलेले आहे. त्यांच्यापुढे त्या क्षणी एकच बाळ असते आणि कामाचा क्रम पक्का असतो. सिस्टरपुढे सहा खाटा आणि बाहेर ओपीडीची रांग असते.

सरकारी आरोग्य केंद्रांच्या स्वच्छतेसाठी २०१५ पासून असलेल्या ‘कायाकल्प’ योजनेत हातांच्या स्वच्छतेलाही गुण आहेत, हे चांगलेच. पण तपासणीस समोर असताना हात जास्त धुतले जातात. टोरांटोच्या एका रुग्णालयात निरीक्षक दिसत असताना हे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले होते. म्हणून तपासणीत सिस्टरला प्रात्यक्षिक करायला लावण्यापेक्षा वेगळे प्रश्न विचारावेत. बाटली खाटेपासून किती पावलांवर आहे? महिन्याला किती द्रावण संपते? नळ शेवटचा कधी कोरडा पडला? रविवारी रिकामी बाटली कोण भरतो? या प्रश्नांची उत्तरे केंद्र चालवणाऱ्यांना आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्यांना द्यावी लागतील, आणि जबाबदारी मुख्यतः त्यांचीच आहे.