नाव बरोबर, पत्ता जुना

पत्त्यावाचून पत्र पोहोचत नाही, हे सांगावयास व्याख्यानाची गरज नाही. परंतु नाव बरोबर, माणूस नव्या घरी हजर, आणि पत्र मात्र त्याच्या जुन्या रिकाम्या दारावर थापा मारीत उभे, असा प्रकार संगणकाच्या राज्यात वारंवार घडतो. तो कसा घडतो आणि कसा ओळखावा, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

आमच्या परिचयाच्या एका लहान कारखान्यातील ही हकीकत आहे. तेथील दरपत्रके ई-मेलने जात, आणि ती नेणारा सर्व्हर बाहेरच्या एका कंपनीचा होता. एके दिवशी सकाळपासून पत्रे जाईनात. ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ एवढेच उत्तर येई. एका मोठ्या कामाचे दरपत्रक सायंकाळी पाचच्या आत जाणे अगत्याचे होते. मालकांनी त्या कंपनीस फोनवरून खडसावले. आमचा सर्व्हर चालू आहे, असे तिने सांगितले. मग ठपका आला तो संगणकावर बसणाऱ्या तरुण कारकुनावर. दुपारी आम्हांस बोलावणे आले.

आता थोडी मागची गोष्ट सांगितली पाहिजे. संगणक एकमेकांस गाठतात ते आकड्यांच्या पत्त्यावर. नावे ही आपणां माणसांच्या सोयीसाठी. त्यामुळे नाव दिले की आधी त्याचा पत्ता शोधावा लागतो. अमेरिकेत अर्पानेट हे जाळे होते, तेव्हा सर्व यंत्रांची नावे व पत्ते एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत राखली जाई आणि जो तो तिची प्रत आपल्याकडे उतरवून घेई. यंत्रे वाढली, तशा प्रती शिळ्या पडू लागल्या. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नवी रचना मांडली. तीत एकच एक यादी नाही. ज्याची नावे त्याने राखावी, आणि विचारणाऱ्यास वरून खाली वाट दाखवीत न्यावे: मूळ सर्व्हर ‘डॉट कॉम’चे दार दाखवितो, ते दार कंपनीचे दार दाखविते, आणि कंपनीचा सर्व्हर पत्ता सांगतो.

दर वेळी एवढी पायपीट नको म्हणून मिळालेले उत्तर वाटेतील सर्व्हर काही काळ जपून ठेवतो. तो काळ उत्तराबरोबरच सांगितलेला असतो. ३,६०० सेकंद म्हणजे एक तास, ८६,४०० म्हणजे एक दिवस. मुदत सरली की पुन्हा विचारणा. जुना पत्ता आपोआप विसरला जावा, ही या रचनेतील खरी हुशारी होय.

आता पुन्हा कारखान्यात जाऊ. आम्ही प्रथम त्याच सर्व्हरवरून फोनमधून एक पत्र पाठविले. ते गेले. फोन कार्यालयाच्या वायफायवर घेतला, तरीही गेले. म्हणजे कंपनीचा सर्व्हर ठीक आणि कार्यालयाचे जाळेही ठीक. दोष त्या एका संगणकापुरता. मग त्या संगणकावर एनएसलुकअप ही आज्ञा देऊन पत्ता विचारला. उत्तर बरोबर आले! येथे पुष्कळ जण फसतात. कारण एनएसलुकअप थेट डीएनएसला विचारते, परंतु इतर कार्यक्रम तत्पूर्वी घरची वही चाळतात. आम्ही त्याच नावास पिंग करून पाहिले, तो पत्ता निराळाच निघाला.

ही घरची वही म्हणजे ‘होस्ट्स’ नावाची लहानशी फाइल. अर्पानेटच्या त्या जुन्या यादीचा हा वारसा आजही बहुतेक संगणकांत आहे, आणि तीत लिहिलेल्या ओळीस मुदत नसते. कोणे एके दिवशी डीएनएस अडले असता, काम निभावे म्हणून कोणा भल्या माणसाने सर्व्हरचा पत्ता तीत लिहून ठेवला होता. पुढे कंपनीने सर्व्हर नव्या पत्त्यावर हलविला. साऱ्या जगाला कळले, या वहीला कळले नाही. ती ओळ आम्ही पुसली, आणि साडेचारला दरपत्रक गेले.

यावरून ध्यानात ठेवावयाचा क्रम सोपा आहे. नावच सापडत नाही, पत्ता सांगणारा सर्व्हर गप्प आहे, की पत्ता मिळतो पण तेथे कोणी दार उघडत नाही, हे आधी वेगळे करावे. तोच प्रश्न दुसऱ्या यंत्रावरून व बाहेरच्या डीएनएसला विचारून उत्तरे ताडून पाहावी. कंपनीचे संकेतस्थळ उघडते म्हणून तिच्या ई-मेलचा पत्ताही बरोबरच मिळाला असेल, असे समजू नये. त्यांची नावे व नोंदी वेगळ्या असू शकतात. आणि परक्यास फोन करण्यापूर्वी घरची वही उघडावी. तीत काही लिहिणे भागच पडले, तर शेजारी तारीख आणि कारणही लिहावे.

त्या सायंकाळी मालकांनी कंपनीची फोनवरून क्षमा मागितली. कारकुनाची मागावयाची राहिली होती. ती आम्ही आठवण करून दिल्यावर मागितली गेली.