अंतराचा हिशेब : भाग ५
पाली ते न्यूयॉर्क

गेल्या आठवड्यात आपण अक्षांश-रेखांश समजून घेतले. या वेळी त्यांचा उपयोग पाहू.

पालीच्या बल्लाळेश्वर मंदिरापासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत मोजला, तर सत्तर किलोमीटरच्या थोडा पुढे भरतो. गाडीने मात्र खोपोलीवरून जा की वाकणवरून, शंभरच्या वर किलोमीटर होतातच, कारण रस्ता डोंगर, नद्या आणि खाड्या सांभाळत जातो. विमानाला यातले काही आडवे येत नाही. मग नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ हाच त्याचा मार्ग असेल, असे कोणालाही वाटेल. पण तसे नसते.

मुंबई आणि न्यूयॉर्क भिंतीवरच्या नकाशात पट्टीने जोडा. रेघ अरबस्तान, इजिप्त, सहारा असे करत अटलांटिकवर उतरते. या वाटेची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर. आता पृथ्वीच्या गोलावर त्याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो मुंबईहून वायव्येपेक्षाही अधिक उत्तरेकडे झुकतो, ६४ अंश उत्तर अक्षांशाच्या वर चढतो आणि कॅनडाकडून खाली येतो. ही वाट सुमारे १२,५०० किलोमीटरची, म्हणजे १,७०० किलोमीटर वाचले. गोलावरच्या या सर्वांत आखूड मार्गाला बृहद्वृत्त म्हणतात. विमानतळांमधली जी अंतरे सांगितली जातात, ती बहुधा याच मार्गाची असतात.

प्रत्यक्षात विमान त्याहून थोडे जास्तच उडते. वादळे टाळावी लागतात, काही देशांचे आकाश बंद असते. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. मुंबईहून उत्तरेला जाणारी आखूड वाट तिथूनच जाते, त्यामुळे वळसा आला.

वेळेचा हिशेब आणखी वेगळा. ताशी ९०० किलोमीटर वेगाने १२,५०० किलोमीटरला चौदा तास पुरायला हवेत. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्यामुळे न्यूयॉर्कला जाताना साधारण सोळा तास लागतात आणि येताना दीड-दोन तास वाचतात. वेळापत्रकातल्या वेळेत धावपट्टीपर्यंत सरकण्याचा वेळही धरलेला असतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून रात्री दीडला निघाले आणि सोळा तास उडाले. पालीत तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील, न्यूयॉर्कला त्याच दिवशीचे सकाळचे सात. तिथले घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ.

अंतर बदलत नाही, वेळ बदलते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला निघाले. मुंबई-लंडन अंतर तेव्हाही ७,२०० किलोमीटरच होते, पण आज तिथे न थांबता, दहा तासांच्या आसपास पोहोचता येते.

म्हणून तिकीट काढताना किलोमीटर पाहू नका. घरापासून मुक्कामापर्यंतचे तास मोजा, त्यात पालीपासून विमानतळापर्यंतचा रस्ता आणि आधी पोहोचण्याचे तीन तासही धरा. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्याने देशांतर्गत प्रवासासाठी आपल्या तालुक्याचा रस्ता तरी आखूड झाला आहे.

पुढील भागात : समुद्रावरचे अंतर आणि सागरी मैल.