रीमास्टर घेतला म्हणून जुने मॉड चालत नाहीत

नळदुर्गात संगणकातलं थोडंफार कळणाऱ्या माणसाकडे दिवाळीच्या सुट्टीत पोरं येतात ती साधारण एकच गोष्ट घेऊन. ‘काका, जीटीए सॅन आंद्रेआसचा रीमास्टर घेतोय. गेम तोच आहे, चित्र तेवढं साफ केलंय. आपले जुने मॉड त्यातच टाकू.’ हा प्रश्न नसतोच. निर्णय झालेला असतो, माझी फक्त मान हललेली हवी असते. मी नाही म्हटलं की उत्तर तयार असतं: ‘यूट्यूबवर दाखवलंय.’ तो व्हिडिओ उघडून बघावा तर त्यात जुनाच गेम चाललेला असतो, वर नाव तेवढं नव्याचं.

तर एकदा नीट सांगतो. मॉड म्हणजे गेमच्या फाइलमध्ये किंवा चालू प्रोग्रॅममध्ये केलेला बदल. त्यामुळे त्या फाइल कुठल्या प्रकारच्या आहेत आणि प्रोग्रॅम कुठला आहे, यावरच सगळं ठरतं. 2005 साली संगणकावर आलेला सॅन आंद्रेआस रेंडरवेअर नावाच्या इंजिनावर चालतो. गाडीचा सांगाडा डीएफएफ प्रकारच्या फाइलमध्ये असतो, तिच्यावरचं रंगकाम टीएक्सडी फाइलमध्ये, आणि अशा हजारो फाइल एका मोठ्या आयएमजी फाइलमध्ये भरलेल्या असतात. गाडीचं वजन, वेग, ब्रेक यांचे आकडे तर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहेत, नोटपॅडमध्ये उघडून बदलता येतात. गेममधल्या लॉस सांतोस शहराच्या रस्त्यावर बुलेट आणि स्कॉर्पिओ पळताना दिसतात त्या अशा आल्या. कुणीतरी त्या आकाराची डीएफएफ बनवली आणि मूळ गाडीच्या जागी ठेवली.

नोव्हेंबर 2021 मध्ये आलेली डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे हा रीमास्टर, अनरियल इंजिन 4 वर बांधलेली आहे. या आवृत्तीला तुमची स्कॉर्पिओची डीएफएफ वाचताच येत नाही. तिथे सामान पाक नावाच्या वेगळ्या प्रकारच्या फाइलमध्ये असतं, गाडीचा सांगाडाही वेगळ्या पद्धतीनं बांधावा लागतो. म्हणजे वीस वर्षांत लोकांनी जुन्या गेमसाठी जे काही केलं, ते इथे आपोआप येत नाही. कुणीतरी बसून पुन्हा बनवायचं, तेव्हाच ते येणार. काहींनी बनवलंही आहे, पण जुन्या ढिगाऱ्यापुढे ते मूठभर.

फाइलचं हे झालं. स्क्रिप्टचं प्रकरण याहून अवघड. क्लिओ हे सॅन आंद्रेआसवाल्यांचं लाडकं साधन. ते चालू गेमच्या स्मृतीत शिरून ठरावीक पत्त्यावरची किंमत बदलतं: अमुक पत्त्यावर पैसे, तमुक पत्त्यावर गाडीचा वेग. हे पत्ते एका विशिष्ट प्रोग्रॅम फाइलचे असतात, आणि बहुतेक जुने मॉड ज्या फाइलवर विसंबून आहेत ती आहे आवृत्ती 1.0. नुसतं सॅन आंद्रेआस असून भागत नाही, 1.0 लागते. गेममध्ये लपलेल्या अश्लील दृश्यांवरून झालेल्या हॉट कॉफी वादानंतर 2005 मध्ये कंपनीनं जी सुधारित आवृत्ती बाजारात आणली, तिच्यातही हे मॉड अडतात. एकाच गेमच्या दोन आवृत्त्यांत, त्याही एकाच वर्षातल्या, ही तऱ्हा असेल तर इंजिनच बदललेल्या गेममध्ये काय होणार? डेफिनिटिव्ह एडिशनसाठी क्लिओ रिडक्स नावाचं वेगळं साधन आहे, पण स्मृतीत थेट हात घालणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट तिथे उचलून टाकल्या की चालत नाहीत, जुळवून घ्याव्या लागतात.

आणि ‘चित्र तेवढं साफ’ हेही अर्धंच खरं. ही आवृत्ती ग्रोव्ह स्ट्रीट गेम्सनं केली, आधीच्या मोबाइल आवृत्त्यांच्या पायावर. जुनी धूसर चित्रं मोठी करायचं बरंचसं काम संगणकावर सोपवलं गेलं, आणि संगणकाला विनोद कळत नाही. ‘टफ नट डोनट्स’ या दुकानावर एक मोठा षटकोनी नट आहे. टफ नट म्हणून नट, इतकी सोपी गंमत. नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे घासून तो गोल करून टाकला. पाट्यांवरच्या अक्षरांच्या चुका झाल्या, पाऊस पडद्यावर पांढरे ओरखडे काढल्यासारखा दिसू लागला. जुन्या गेममध्ये दूरवर धुकं असायचं, ते काढल्यामुळे एवढा मोठा प्रदेश एका नजरेत मावून लहान वाटायला लागला. ओरडा इतका झाला की 19 नोव्हेंबर 2021 ला गेमची कंपनी रॉकस्टारनं जाहीर माफी मागितली. महिनाभर आधी दुकानांतून काढून घेतलेले, या एडिशनमध्ये एकत्र केलेले संगणकावरचे जुने तिन्ही जीटीए गेम कंपनीच्या स्वतःच्या दुकानात परत आणायचं कबूल केलं. नंतर दुरुस्त्या होत गेल्या, नोव्हेंबर 2024 च्या मोठ्या अपडेटमध्ये जुन्या धाटणीची प्रकाशयोजनाही परत आली. आज तो गेम पहिल्या दिवसाइतका वाईट नाही. तुमचे मॉड मात्र त्यात अजूनही चालत नाहीत.

पुढचा गैरसमज खिशाला लागतो: गेम जुना आहे, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर चालेलच. मूळ सॅन आंद्रेआसला 256 एमबी रॅम आणि साधारण 4 जीबी जागा पुरायची. डेफिनिटिव्ह एडिशनच्या तीन गेमना मिळून कंपनी किमान 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि 45 जीबी जागा मागते. आपल्याकडे बहुतेकांचं इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतं. रोज दीड जीबीचा प्लॅन असेल तर 45 जीबी उतरायला 30 दिवस, तेही घरातल्या कुणी एक रील बघितला नाही तर. सोलापूरला जाऊन सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यानं ‘गेम चालेल का’ एवढंच विचारू नये, कुठली आवृत्ती चालेल ते विचारावं. दुकानदार जुन्याच्या हिशेबानं हो म्हणतो, पोरगं नवा विकत घेतं.

एवढं ऐकल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. त्यांचं म्हणणं, जुनं तेच सोनं, रीमास्टर म्हणजे निव्वळ लूट. हाही गैरसमजच, आणि तो मोडायला स्कायरिम हा गेम पुरे. 2011 चा मूळ स्कायरिम 32 बिटचा. कितीही रॅम लावा, तो 4 जीबीच्या वर हात पसरू शकत नाही. मोठ्या चित्रांचे मॉड चढवत गेलं की धापा टाकून बंद पडतो. ऑक्टोबर 2016 ची स्पेशल एडिशन 64 बिटची आहे, तिला ती मर्यादा नाही. सगळ्या विस्तारांसह जुना गेम असलेल्यांना ती स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात फुकट मिळाली होती. तरीसुद्धा पहिलं वर्ष लोक जुन्यालाच धरून बसले होते, कारण बऱ्याच मॉडना लागणारी स्क्रिप्ट एक्स्टेंडर ही गोष्ट 64 बिटसाठी 2017 पर्यंत आलीच नव्हती. ती आली आणि पारडं फिरलं. आज स्कायरिमवर नवं जे काही बनतं ते बहुतांशी स्पेशल एडिशनसाठी. तिथे जुना घ्या असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मात्र नोव्हेंबर 2021 च्या अपडेटनं प्रोग्रॅम फाइल बदलली आणि तिच्यावर विसंबलेले मॉड एका रात्रीत बंद पडले. त्यामुळे आजही काही जण मुद्दाम त्याआधीच्या 1.5.97 या आवृत्तीवर थांबलेले दिसतात. रीमास्टरच्याही आवृत्त्या असतात, हे विसरलं की पुन्हा तोच घोळ.

ऑब्लिव्हियन या गेमची गंमत तर दोन्ही पक्षांना निरुत्तर करणारी. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या रीमास्टरमध्ये आत 2006 चं मूळ इंजिन शाबूत आहे आणि वर चित्र काढायला अनरियल 5 बसवलंय. त्यामुळे काही जुने मॉड, मुख्यतः नियम आणि आकडे बदलणारे, थोड्या खटपटीनं चालतात. ज्यांत नवी तलवार, नवं घर, नवा चेहरा आहे ते चालत नाहीत, कारण चित्राची बाजू आता दुसऱ्याच इंजिनाकडे आहे. मॉडला आमचा अधिकृत पाठिंबा नाही, असं गेमची कंपनी बेथेस्डानं आधीच सांगून टाकलंय. शिवाय 16 जीबी रॅम आणि 125 जीबी जागा लागते. वरच्याच हिशेबानं साधारण 83 दिवस.

जुन्या गेमची बाजू घेणाऱ्यांना आणखी एक भाबडी खात्री असते: मूळ गेम आहे तसा ठेवला की तो आहे तसाच चालत राहील. सॅन आंद्रेआसमध्ये स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं छोटं विमान आहे. विंडोज 11 ची 24एच2 ही आवृत्ती घेतलेल्या लोकांच्या गेममधून ते विमान गायब झालं. गेमला कुणी हात लावला नव्हता. सायलेंट या नावानं काम करणाऱ्या मॉडकारानं 2025 मध्ये याचा छडा लावला. गाड्यांच्या यादीत स्किमरच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे लिहायचेच राहून गेले होते. त्याआधीच्या व्हाइस सिटी या जीटीए गेममध्ये हे वाहन होडी म्हणून नोंदलेलं होतं, तिथे ते आकडे लागत नव्हते. सॅन आंद्रेआसमध्ये ते विमान झालं आणि आकडे भरायचे राहिले. गेम ते आकडे वाचायला जायचा आणि स्मृतीत आधीच्या कामाचं जे काही शिल्लक असेल तेच वापरायचा. तिथे योगायोगानं चालण्यासारखी किंमत पडलेली असायची, म्हणून वीस वर्षं कुणाला कळलं नाही. नव्या विंडोजनं ती जागा वेगळ्या तऱ्हेनं वापरली आणि चूक उघडी पडली. सायलेंटपॅच या त्याच्याच मॉडनं ती दुरुस्त केली. म्हणजे जुना गेम जिवंत राहिला तो मॉडमुळे. जुना घेणार असाल तर पहिला मॉड हाच टाका, बुलेट नंतर.

शिवाय तुम्ही ज्याला मूळ म्हणता ते मूळ आहे का? स्टीमवरच्या सॅन आंद्रेआसमध्ये नोव्हेंबर 2014 ला अपडेट येऊन काही गाणी काढली गेली, कारण त्यांचे हक्क संपले होते, आणि लोकांचे जुने सेव्हही निकामी झाले. व्हाइस सिटीच्या नंतरच्या आवृत्त्यांतून मायकेल जॅक्सन गेला. सायबर कॅफेत दहा रुपये तास देऊन आपण जो व्हाइस सिटी खेळलो, त्याच्या बऱ्याच कॉप्यांत जागा वाचवायला रेडिओच कापलेला असायचा. आठवणीतला गेम मुका होता आणि त्याचीच तुलना रीमास्टरशी चाललेली असते, हे मला नेहमी मजेशीर वाटतं.

आता किरकोळ समजुती.

‘जीटीए पंजाब’ हा कंपनीनं काढलेला गेम आहे: नाही, तो सॅन आंद्रेआसचा मॉड.

मॉड टाकला की खातं बंद होतं: एकट्यानं खेळायच्या गेममध्ये नाही, ऑनलाइन खेळताना नक्की होऊ शकतं.

मॉड म्हणजे व्हायरस: नेक्सस मॉड्स किंवा स्टीम वर्कशॉपवरून घेतलेल्या मॉडमध्ये धोका कमी. टेलिग्रामवरच्या ‘एका क्लिकमध्ये सगळे मॉड’ इन्स्टॉलरला मात्र हात लावू नका.

रीमास्टर आला तरी जुना आपल्याकडे राहतोच: वॉरक्राफ्ट 3 वाल्यांना विचारा. जानेवारी 2020 मध्ये रिफोर्ज्ड हा त्याचा रीमास्टर आला आणि नवा विकत न घेतलेल्यांचा जुना गेमसुद्धा अपडेट होऊन बदलला. डोटा ज्या गेमच्या नकाशातून जन्मला, त्याच गेमची ही गत.

सगळ्या कंपन्या मॉडच्या विरोधात असतात: जून 2020 मध्ये कमांड अँड कॉन्करच्या रीमास्टरबरोबर ईए कंपनीनं गेमच्या गाभ्याचा सोर्स कोड मॉडकारांसाठी खुला केला.

मराठ्यांचा गेम रीमास्टर झालाय: नाही. तो गेम म्हणजे एम्पायर टोटल वॉर, 2009 चा. त्यात 1700 सालापासून, म्हणजे आपल्याकडे ताराराणींच्या काळापासून, मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं. मोबाइलवर तो आलाय, पण संगणकावर अजून मूळच आहे. डार्थमॉड वगैरे मॉड त्या मूळ आवृत्तीसाठीच.

ज्यांना दुसऱ्याचे मॉड टाकायचे नसून स्वतः बनवायचे आहेत, त्यांचा हिशेब वेगळा. आपल्या नळदुर्गच्या किल्ल्याचा पाणीमहाल नि उपळ्या बुरूज गेममध्ये उभा करायची हौस असेल, तर बनवायचं साधन कुठे मिळतं ते आधी बघा. स्कायरिमचं क्रिएशन किट फुकट आहे. एज ऑफ एम्पायर्स 2 च्या 2019 च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये नकाशा बनवायची सोय गेममध्येच आहे, आणि 2022 च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया विस्तारानं भारतीय राज्यंही वाढवली. तो रीमास्टर मी डोळे झाकून सुचवतो. ऑब्लिव्हियनचा नवा अवतार या कामासाठी सुचवणार नाही.

बाकीच्यांनी क्रम एवढाच उलटा करावा: आधी मॉड ठरवा, मग आवृत्ती. हवा असलेल्या मॉडचं पान उघडा, त्यावर कुठली आवृत्ती लागते ते स्पष्ट लिहिलेलं असतं, ते वाचा. मग लॅपटॉपची रॅम आणि रिकामी जागा बघा, आणि पैसे सगळ्यात शेवटी काढा. सॅन आंद्रेआस मॉडसाठी हवा असेल तर जुनाच, 1.0, वर सायलेंटपॅच. मॉड नको आणि लॅपटॉप तगडा असेल तर डेफिनिटिव्ह एडिशन खुशाल घ्या. स्कायरिम असेल तर स्पेशल एडिशन. आणि तरीही चुकलंच, तर स्टीमवर घेतलेला गेम खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. मॉड चालतो की नाही ते त्या दोन तासांतच तपासा.