‘मर्द’ घडवणारा कोच

पोरगा पडला, गुडघा फुटला, डोळ्यांत पाणी आलं, की आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं. ‘मुलीसारखा रडतोस काय? मर्द आहेस ना!’ बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण पोराला जे कळायचं ते कळतं, आणि ते पुढे त्याच्या बायकोला भोगावं लागतं. वस्तीतल्या बायकांशी बोलताना हे किती वेळा जाणवतं, सांगू नये!

अमेरिकेत जो एरमन नावाच्या एका धिप्पाड माणसाने याच वाक्याशी उभा दावा मांडलाय. १९४९ चा जन्म. पाच वर्षांचा असताना वडिलांनी त्याला तळघरात नेऊन ठोसे मारायला शिकवलं आणि बजावलं, रडायचं नाही, पुरुष हो. पोरगा पुरुष झाला, म्हणजे जगाच्या हिशेबाने झाला. १९७३ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्स या व्यावसायिक संघाने पहिल्याच फेरीत त्याला निवडलं. हा फुटबॉल आपला पायांनी खेळायचा नव्हे बरं का! डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, हातात अंडाकृती चेंडू आणि समोरच्याला अक्षरशः आडवं पाडायचं. जो बचावफळीत होता, म्हणजे आडवं पाडणं हेच त्याचं काम. पैसा, पार्ट्या, टाळ्या, कशालाच कमी नव्हती.

मग धाकटा भाऊ बिली आजारी पडला. रक्ताचा दुर्धर आजार. १९७८ मध्ये ऐन तारुण्यात तो गेला. भिंतीसारख्या माणसांना रोखणाऱ्या जोला आपल्या भावाचं मरण रोखता आलं नाही, आणि त्या दुःखाचं करायचं काय हेही त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. रडायची तर बंदीच होती! आजारी मुलांच्या आईवडिलांना दवाखान्याजवळ राहता यावं म्हणून बाल्टिमोरमध्ये एक घर उभं राहिलं, त्यासाठी तो झटला. धर्मशास्त्र शिकून १९८५ मध्ये पाद्री झाला. १९८४ मध्ये त्याचा जुना संघ एका रात्रीत ट्रक भरून इंडियानापोलिसला निघून गेला, सारं शहर हळहळलं. जो मात्र बाल्टिमोरमध्येच राहिला. पत्नी पॉलाच्या साथीने शहराच्या गरीब पूर्व भागात ‘द डोअर’ नावाचं केंद्र उभारलं. तिथे त्याला दिसलं, की गरिबीच्या जोडीला या घरांना आणखी एक गोष्ट पोखरते आहे : बाप झालेली, पण बापपण न कळलेली माणसं.

आणि मग तो कोच झाला. तेही व्यावसायिक संघाचा नव्हे, तर गिलमन या मुलांच्या शाळेतल्या संघाचा. मुख्य कोच त्याचा मित्र बिफ पोजी, जोकडे बचावफळी. सरावाआधी हे दोघं मुलांना विचारायचे, आमचं काम काय? मुलांनी ओरडून सांगायचं, आमच्यावर प्रेम करणं. आणि तुमचं काम काय? तर एकमेकांवर प्रेम करणं. कल्पना करा, सोळा-सतरा वर्षांची दांडगी पोरं मैदानात उभी राहून हे मोठ्याने बोलताहेत! आपल्याकडे हसून हसून पोट दुखेल लोकांचं. तिथेही हसले असतीलच, पण हा संघ काही लेचापेचा नव्हता. मेरीलँडमधल्या नावाजलेल्या संघांत त्याची गणना होती.

मला सगळ्यात भावला तो जेवणाच्या हॉलमधला नियम. शाळेत कोणताही मुलगा एकटा जेवताना दिसला, की फुटबॉलच्या खेळाडूने उठून त्याच्याजवळ बसायचं, नाहीतर त्याला आपल्या टेबलावर आणायचं. तो ओळखीचा असो नसो, गबाळा असो की अडखळत बोलणारा. शाळेत सगळ्यात दबदबा ज्यांचा, त्यांनाच हे काम! डबा खायच्या सुट्टीत कोपऱ्यात बसणाऱ्या लेकराची आई असाल, तर या नियमाचं मोल वेगळं सांगायला नको.

मुलगा पुरुष झाला हे जग तीन गोष्टींवरून ठरवतं, असं जो सांगतो. आधी मैदानावरची ताकद, मग पोरींना ‘पटवणं’, पुढे खिशातला पैसा. तिन्ही मापं खोटी आहेत. माणसाला शेवटी विचारायचं ते एवढंच : बाप कसा होतास, नवरा कसा होतास, मित्र कसा होतास, आणि स्वतःपलीकडे कोणासाठी काही केलंस का?

लहानपणी कोल्ट्सचा ‘बॉलबॉय’ असलेल्या जेफ्री मार्क्स या पत्रकाराने गिलमनच्या एका हंगामावर २००४ मध्ये पुस्तक लिहिलं आणि जोचं नाव अमेरिकाभर पोचलं. २०११ मध्ये कोच मंडळींसाठी त्याचं स्वतःचं पुस्तकही आलं.

कोचने मुलांना नुसता खेळ शिकवायचा नाही, हा विचार आपल्या मुंबईतही येऊन गेलाय. जोचा नव्हे, पण त्याच जातकुळीचा एक अमेरिकन उपक्रम ‘परिवर्तन’ नावाने इथे राबवला गेला. शाळांमधले आणि गोवंडीच्या शिवाजीनगर वस्तीतले क्रिकेट कोच मुलांशी बॅटिंग-बॉलिंगच्या जोडीने बोलायचे ते घरातल्या मारहाणीबद्दल, मुलींची छेड काढण्याबद्दल, शिवीगाळीबद्दल. पुढे त्याच वस्तीत मुलींसाठीही ‘परिवर्तन’ सुरू झालं. त्या क्रिकेट नाही, कबड्डी खेळल्या!