शहाणं कोणाला म्हणायचं?

बुऱ्हाणपूरला लागून असलेल्या लोधीपुऱ्यात दाऊदी बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, लोक इथे मागणं मागायला येतात, एवढंच. मागणी असतातच, पण जे इथे चिरविश्रांती घेत आहेत ते सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन (निधन इ.स. १७३०) विद्वान आणि धर्मनिष्ठ पुरुष म्हणून मानले जातात. बोहऱ्यांची ज्ञानपरंपरा फातिमी काळातल्या कैरोपर्यंत जाते. तिथे 'मजालिस अल-हिक्मा' या नावाने ज्ञानाच्या बैठका भरत. आजही गूढार्थाचे ग्रंथ कोणी आपल्या मनाने उघडून वाचत नाही. 'रझा', म्हणजे परवानगी असलेल्या गुरूसमोर बसायचं, त्याच्याकडून 'सबक' घ्यायचा, पायरीपायरीने पुढे जायचं. कोणती गोष्ट कधी कळावी हे ओळखणं हाही तिथे शहाणपणाचाच भाग.

गैरसमज: एका गावाची संस्कृती एक, म्हणून शहाणपणाची कल्पनाही एकच.

त्याच बुऱ्हाणपुरात कबीरपंथाच्या पारखी शाखेचं निर्णय मंदिर आहे. कबीरांच्या 'बीजक' या ग्रंथावर 'त्रिज्या' ही टीका लिहिणारे पूरण साहेब इथलेच. या शाखेत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे परख. ग्रंथात आहे म्हणून, मोठ्यांनी सांगितलं म्हणून काहीही खरं मानायचं नाही, तपासून घ्यायचं. एकीकडे अधिकारी गुरूवरची निष्ठा, दुसरीकडे प्रत्येक वचनाची पारख, आणि दोन्ही एकाच शहराच्या आसमंतात. तरी गुरू दोघांनाही लागतो. म्हणून 'भारतीयांची शहाणपणाची कल्पना अमुक' असं कोणी ठासून सांगितलं, की मला ते फार घाईचं वाटतं.

गैरसमज: पूर्वेकडचं शहाणपण हृदयाचं, पश्चिमेकडचं डोक्याचं.

यात थोडं तथ्य आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ताकाहाशी आणि बोर्डिया यांच्या अभ्यासात अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन लोकांनी शहाण्या माणसाला अनुभवी आणि जाणकार या गुणांच्या जवळ ठेवलं. भारतीय आणि जपानी लोकांनी जपून, तारतम्याने वागणाऱ्याच्या. पण २०२४ मध्ये बारा देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात शहाणपण जोखण्याच्या त्याच दोन बाजू सगळीकडे सापडल्या: विचारपूर्वक निर्णय आणि दुसऱ्याच्या भावनांची जाण. फरक आहेत, पण दोन वेगळी जगं नाहीत.

गैरसमज: केस पिकले की शहाणपण येतंच.

इगोर ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकी आणि जपानी लोकांना भांडणतंट्याचे प्रसंग देऊन त्यांचा विचार तपासला. अमेरिकेत वयाबरोबर समज वाढलेली दिसली. जपानात तरुणांचीही समज चांगलीच होती, वयाने फारसा फरक पडला नाही. म्हणजे वय काय देतं, हेसुद्धा समाजावर अवलंबून.

खानदेशाला हे जुनंच ठाऊक आहे. बुऱ्हाणपुराहून तापी खाली वाहत जाते आणि चांगदेव गावाजवळ तिला पूर्णा मिळते. कथेतले चांगदेव चौदाशे वर्षं जगलेले योगी. ज्ञानदेवांना पत्रात काय लिहावं हे चांगदेवांना सुचेना, म्हणून त्यांनी कोरं पत्र धाडलं. इतकी वर्षं जगून कोराच राहिला, असं ज्ञानदेवांच्या धाकट्या बहिणीने, मुक्ताईने म्हटलं. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, आणि पुढे त्या म्हाताऱ्याने त्या कोवळ्या मुलीला गुरू केलं. वारकरी मन ही कथा शतकानुशतकं सांगत आलं, कारण वयापुढे मान तुकवणाऱ्या समाजाला ती गरजेची होती.

गैरसमज: शिकलेला तोच शहाणा.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग त्या उतरवून घेत. बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली गाणी छापून आली. घरात लिहून घेणारं कोणी नव्हतं अशा किती बायका होत्या, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. आपली संस्कृती शहाणपणाची व्याख्या करते, त्याआधी ती कोणाचं ऐकून घ्यायचं हे ठरवून मोकळी झालेली असते.